ऐंशी घोडे

इंजिन किती घोड्यांचं आहे, असं सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसानं विचारलं आणि मी ऐंशी म्हणालो. विचार करून नाही म्हणालो. कुणी नाव विचारावं आणि आपण सांगून टाकावं तसं म्हणालो. त्यानं खाली घातलेली मान वर केली आणि साध्या आवाजात विचारलं, "कोण म्हणतं?" त्यात काही खोच नव्हती. कधीपासून दुखतंय, असं डॉक्टर विचारतात तितकंच ते कामाचं होतं. पण मला उत्तर सापडेना. आकडा होता, आकड्याच्या मागे कुणीच उभं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "आई म्हणते." शेजारी ब्रेकचे भाग पारखत असलेले एक गृहस्थ फिसकन हसले. दुकानदारही हसला, पण जिव्हाळ्यानं, आणि आईच म्हणत असेल तर मोजायचा प्रश्नच मिटला, असं म्हणाला. मीही हसलो. हसता हसता मात्र पायाखाली काहीतरी जरासं सरकलं. लिफ्ट कधी कधी मजल्याच्या बरोबरीनं न थांबता दोन बोटं खाली थांबते आणि बाहेर पडणाऱ्याचं पाऊल ठेचकाळतं, तसं. माणूस पडत नाही, कपाळाला आठी घालून चालू लागतो. पण पुढे बराच वेळ त्याच्या पायाला ती दोन बोटं आठवत राहतात.

ही दोन बोटं मला चांगली ठाऊक आहेत, कारण माझं पोटच त्यांच्यावर चालतं. मी लिफ्ट तपासतो. लिफ्टमध्ये 'आठ माणसं' अशी पाटी असते ना, त्या आठच्या मागे कुणीतरी खरीखुरी लोखंडी वजनं आत रचून लिफ्ट वरखाली केलेली असते, आणि शिवाय वर भरपूर सोडून दिलेलं असतं, म्हणून नववा माणूस पोट आत घेऊन घुसला तरी दोराला काही होत नाही. पाटीवरचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा कमी असतो, तसा तो असावाच लागतो. ज्या आकड्यामागे वजन नाही त्याच्याखाली मी सही करत नाही. माझ्या बायकोनं यावरून मला सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध करून ठेवलंय; म्हणते, हे लग्नाला उभे राहतानासुद्धा पाट हलवून बघत होते. आणि तोच मी काउंटरवर कोपर टेकून, मागेपुढे न बघता, ऐंशी म्हणून मोकळा झालो होतो. आमच्या घरात ते इंजिन ऐंशी घोड्यांचं होतं. आमच्या घराला चार भिंती होत्या तसंच ते होतं.

दुकानदारानं काचेवर फडकं पसरलं आणि त्यावर चार-चार इंजेक्टरच्या जोड्या मांडल्या. बोटाएवढ्या नळ्या, टोकाला सुईच्या अग्रासारखी भोकं. जुन्या गाडीत पेट्रोल कार्बोरेटरमधून जातं, हवा स्वतःच ते ओढून घेते, कधी जास्त, कधी कमी. त्यात थोडं सांडतं, थोडं न जळता बाहेर पडतं, आणि तो वास गाडीला कायमचा चिकटतो. इंजेक्टर मात्र एका छोट्या कंट्रोलरच्या हुकमानं उघडतात, हवं तेवढंच फवारतात आणि मिटतात. नव्या गाड्यांत सगळीकडे हेच असतं, जुनीत बसवायचं तर एकेक भाग पारखून घ्यावा लागतो : पंप, दाबाचा वॉल्व्ह, सेन्सर, हवेची झडप. आणि सगळ्यांत आधी इंजेक्टर केवढे, ते ठरवावं लागतं. ते ठरतं घोड्यांवरून. दुकानदार तोंडानं हिशेब करत होता, आणि मी माझ्या धंद्याच्या सवयीनं म्हणालो की वर जरा सोडून घ्या, अगदी काठोकाठ नको. तो म्हणाला, मी सोडलेलंच आहे. मी म्हटलं, तरी आणखी थोडं. त्यानं एक जोडी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्याहून मोठी पुढे सरकवली. इतका खटाटोप कशासाठी, असं त्यानं विचारलं नाही, पण मी सांगितलं. आईसाठी, म्हटलं. तिच्या छातीला पेट्रोलचा वास चालत नाही आता.

आईची छाती गेली काही वर्षं अधू झाली आहे. उदबत्तीचा धूर नको, फोडणीचा ठसका नको, शेजाऱ्यांनी दाराला रंग दिला तर ती चार दिवस माझ्या बहिणीकडे राहायला जाते. थंडी सुरू झाली की घराबाहेरच पडत नाही. खिडकीशी बसून, रस्त्यावरून जाणाऱ्यांना टोमणे मारत हिवाळा काढते. बाबा गेल्यापासून गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. ती विकावी असं आम्ही कुणी म्हणालो नाही, चालू करावी असंही म्हणालो नाही. मग गेल्या उन्हाळ्यात एकदा, मी तिला दवाखान्यातून घरी आणत असताना, टेकडीवरच्या हॉस्पिटलचा फाटा आला आणि आई काचेतून वर बघत म्हणाली की त्या चढावर पुन्हा एकदा आपल्या जुन्या गाडीनं जाऊन यायचं होतं. होतं, म्हणाली. जणू ती गोष्ट होऊन गेली होती, न होताच. मी पुढे बघून गाडी चालवत राहिलो. पण त्या आठवड्यात ताडपत्री काढली, आणि थंडीच्या आत हे व्हायला हवं हे मनाशी धरलं. पुढच्या हिवाळ्यानंतर तिची छाती तिला एवढं करू देईल असं डॉक्टरांच्या बोलण्यातून वाटत नव्हतं.

त्या चढावरून आई नोकरीची सगळी वर्षं ये-जा करायची. टेकडीवरच्या हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. सकाळच्या पाळीला वर बस जात नसे, आणि बाबा त्याच वेळी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला निघायचे, उलट्या दिशेला. तेव्हा बाबांनी ती गाडी घेतली, जुनीच, कुणा हौशी माणसानं वेगाच्या नादानं नवी घेतलेली आणि मग हौस फिटल्यावर विकलेली. ते मॉडेल जरा खोडकर होतं. मोकळ्या रस्त्यावर उधळायचं आणि हळू चालवू म्हटलं की अडायचं. आई शिकली बाबांकडून, मैदानात. मैदानात तिला सगळं यायचं. चढावर मात्र, जिथे वळणापाशी थांबून पुन्हा निघावं लागतं, तिथे क्लच सोडता सोडता इंजिन दचके देऊन बंद पडायचं. मागे रांग लागायची, भोंगे वाजायचे. एक दिवस ती पाळीहून परत आली, किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली की हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, उद्या राजीनामा देते. मी तेव्हा लहान होतो, टेबलाखाली होतो बहुतेक, कारण मला तिचे फक्त पाय आठवतात. एका पायाची टाच वर-खाली होत होती, अजून क्लचवरच असल्यासारखी.

मग काही दिवस गाडी शेडमध्ये ठोकळ्यांवर होती. बाबा म्हणाले, वॉल्व्हचा आवाज येतोय, बघतो. आई रजेवर होती. संध्याकाळी शेडमधून लोखंडाचा आवाज यायचा, नंतर घासायचा आवाज, नंतर बराच वेळ काहीच नाही. आणि त्यानंतरच्या सोमवारी बाबांनी तिला किल्ली दिली आणि म्हणाले, एवढा एकदा प्रयत्न कर, नाही जमलं तर सोड. त्या दिवशी ते कामावरून लवकर आले आणि पायरीवर बसून राहिले. आई आली, गाडी लावली, आणि बाबांनी विचारलं, "चढली का?" आई खांदे उडवून म्हणाली, "ऐंशी घोडे आहेत, चढणार नाही तर काय?" हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि त्यानंतर रोज ऐकलं. रोज म्हणजे अगदी रोज. बाबांनी विचारायचं, चढली का. तिनं म्हणायचं, ऐंशी घोडे. भांडण झालेलं असलं तरी. भांडण असलं तर बाबा वर्तमानपत्राआडून विचारायचे आणि ती स्वयंपाकघरातून भांडी आदळत उत्तर द्यायची, पण प्रश्न आणि उत्तर चुकायचं नाही. पाहुणे आले की बाबा सांगायचे, ऐंशी घोड्यांची गाडी आहे आणि ही एका पायानं हाकते. आई पदरानं चेहरा पुसायची, पण हसू लपायचं नाही. आमचे काका याला बाबांच्या बढाया म्हणायचे. आम्ही मुलंही म्हणायचो.

इंजिन बांधायचं काम मी चिमट्याकडे दिलं होतं. चिमटा माझा शाळेतला मित्र; पाय बारीक आणि लांब, म्हणून तेव्हापासून चिमटा. आता त्याचं पोट सुटलंय, पण नाव सुटलं नाही. जुन्या इंजिनांचं त्याचं वर्कशॉप आहे आणि जगात आपल्याइतकं इंजिन कुणाला कळत नाही असं तो स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सांगावं लागत नाही. त्यानं इंजिन उघडलं, पिस्टनना नव्या रिंगा घातल्या, बाकीचं जे चांगलं होतं ते धुऊन पुसून परत बसवलं. मी आणलेले इंजेक्टर बघून म्हणाला, बाप रे, विमान करायचंय का? मी म्हटलं, ऐंशी घोडे आहेत. तो म्हणाला, हो का, बरं. त्यालाही लहानपणापासून माहीत होतंच. आमच्या घरी येऊन ज्यानं कुणी एकदा चहा घेतला, त्याला माहीत होतं.

गाडी सुरू झाली त्या दिवशी मी आईला घेऊन गेलो. तिनं ठेवणीतली साडी काढली होती आणि गुडघ्यावर पर्स घट्ट धरली होती. चिमट्यानं किल्ली फिरवली, इंजिन लागलं, आणि मला इतका आनंद झाला की पहिले काही क्षण मला वास आलाच नाही. आईला आला. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिनं पदर नाकाला लावला होता आणि डोळ्यांनी मला सांगत होती की काही नाही, काही नाही. मग खोकला सुरू झाला. तो तिचा खोकला, जो आत कुठेतरी जिना उतरत जातो आणि तळ सापडत नाही. चिमट्यानं इंजिन बंद केलं, सगळी दारं उघडली, तिला बाहेर बाकावर बसवलं. श्वास परत आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की उठून गाडीपाशी गेली आणि टपावर दोनदा थोपटलं, आपल्यामुळे तिचा अपमान झाला असावा तशी. म्हणाली, "तिचं काही चुकलं नाही हो. माझीच छाती मेली." परतताना मी बोलत राहिलो, अमुक बदलू, तमुक करू, आणि माझ्याच आवाजाला आत काही आधार नाही हे मला कळत होतं. ती म्हणाली, नाही जमलं तर राहू दे रे, बघितली एवढं पुष्कळ झालं. बाहेर हवा कोरडी होऊ लागली होती.

नंतर चिमट्यानं मला बोलावून घेतलं. गाडी रोलरवर चढवलेली होती. चाकं जागच्या जागी फिरतात आणि इंजिनाचं खरं बळ यंत्रावर कळतं. चिमटा म्हणाला, "तुझे ऐंशी घोडे मोजले मी. पन्नाससुद्धा भरत नाहीत." मी म्हटलं, इंजिन थकलं असेल. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या बायकोला नावं ठेवली होती. इंजिन त्यानं बांधलं होतं, ते थकलेलं असणं शक्य नव्हतं. मग त्यानं समजावलं. पेला लहान आणि नळ मोठा, असं झालंय. हे इंजेक्टर इतके मोठे आहेत की इंजिन शांत चालताना कितीही थोडा वेळ उघडले तरी जास्तच पेट्रोल ओततात, आणि म्हणून वास. मी मनात बेरीज केली. आईचा आकडा, त्यावर दुकानदारानं सोडलेलं, त्यावर मी सोडलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टांना जे सोडायला लावलं ते मी आईच्या गाडीला सोडलं आणि तिला खोकला आणला. पण पन्नासही का भरू नयेत, हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं, आणि चिमट्याला कळलं नाही की तो जेवत नाही. त्यानं इंजिनाचं पुढचं झाकण काढलं होतं आणि आतून कॅमशाफ्ट ओढून बाकावर ठेवली होती. मनगटापेक्षा बारीक, हातभर लांब लोखंडी कांब, तिला अंड्याच्या आकाराचे उंचवटे. त्या उंचवट्यांवरून इंजिनाच्या झडपा किती उघडायच्या आणि केव्हा, ते ठरतं. तिच्या एका टोकाला ठशानं कोरलेलं अक्षर होतं. चिमटा त्यावर नख ओढत म्हणाला, "ही या गाडीची नाही. त्याच कंपनीची माल वाहायची व्हॅन यायची, तिची आहे. बांधताना मी बघितलंच नाही, चांगली दिसली, पुसून घातली." मग जरा थांबून, खऱ्या आदरानं म्हणाला, "कुणी घातली असेल रे? बसवलीय मात्र झकास."

व्हॅनचं इंजिन पळत नाही, पण ओढतं. हळू चालतं, अडत नाही, क्लच कसाही सोडला तरी रुसत नाही. पाव आणि दूध पोचवणाऱ्यांसाठी केलेलं असतं ते. मी बाकावर बसलो, जिथे आई बसली होती. माझ्या डोक्यात ठोकळ्यांवरची गाडी आली, घासायचा आवाज आला, आणि त्यानंतरची ती शांतता. टेबलाखालून दिसलेली टाच आली. सोमवार आला. म्हणजे आई शिकली नव्हती. म्हणजे शिकली होती, पण गाडीही शिकवली गेली होती, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला पहिल्यांदा हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिच्या आयुष्यात अभिमान धरावा असं फार काही आलं नाही; एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत लोकांना श्वास रोखून धरा म्हणण्यात तिची वर्षं गेली. तिला जो अभिमान होता तो या ऐंशी घोड्यांचा होता, आणि त्या सोमवारपासून ते नव्हतेच. मग मला बाबा दिसले, पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा तो आकडा सांगणारे. त्यांची बढाई आम्ही त्यांची समजत होतो. ती त्यांची नव्हतीच. ज्याला खरा आकडा ठाऊक होता तोच माणूस खोटा सांगत होता, तिच्यासाठी, रोज, न थकता. पाटीवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा लिहिणारा आणि वर स्वतःच्या खांद्यावर ती लिफ्ट धरून उभा राहणारा तपासनीस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला त्यांचे हात आठवले, पंपाच्या ग्रीसनं कायमच्या काळ्या झालेल्या नखांचे. मी चिमट्याच्या वर्कशॉपात, दिवसाढवळ्या, डोळे पुसले. चिमटा दुसरीकडे बघत पाने लावून ठेवू लागला.

आणि मग मला शेडमधली ती कांब आठवली. शेडच्या भिंतीला दोन खिळ्यांवर एक आडवी कांब आहे, पुसायची फडकी वाळत घालायची. मी लहानपणापासून तिच्यावर फडकी टाकत आलोय. तिला उंचवटे आहेत म्हणून फडकी घसरत नाहीत, एवढंच तिच्याबद्दल मला माहीत होतं. ती गाडीची मूळची कॅमशाफ्ट होती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बाबांनी ती टांगून ठेवली होती, आणि गंजू नये म्हणून तिला तेल लावत होते. माझी बहीण नेहमी कुरकुरायची की या फडक्यांना तेलाचा वास का येतो. मी चिमट्याला सांगितलं. तो उभाच राहिला. म्हणाला की ती धड असेल तर एका दिवसात घालतो, तुझे इंजेक्टरही मग बरोबर बसतील, वास जाईल, आणि कंपनीच्या कागदावर आहेत तसे घोडे होतील ऐंशी. खरेखुरे, रोलरवर मोजून देतो. मला ते इतकं पटलं की मी धावतच निघालो. आईला काही सांगायचंच नाही. तिनं जन्मभर जो आकडा सांगितला तो तिच्या पाठीमागे गुपचूप खरा करून ठेवायचा. बाबांनी तिला गाडी दिली, मी आकडा देईन. रस्ताभर मी स्वतःवर फार खूश होतो.

शेडमध्ये दुपारचं ऊन तिरपं येत होतं. मी फडकी काढून बाजूला ठेवली, कांब खिळ्यांवरून उतरवली. ती जड होती आणि हाताला गुळगुळीत, जिवंत वाटावी अशी. जुन्या टॉवेलात गुंडाळून, काखेत धरून मी मागच्या दारानं निघालो तर आई पायरीवर उभी. दम लागू नये म्हणून ती सावकाश येते, त्यामुळे तिची चाहूल लागत नाही. तिनं टॉवेलाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या दोन रिकाम्या खिळ्यांकडे. आणि म्हणाली, "ती तिथेच राहू दे." मी म्हटलं, कुठली, काय, चिमट्याला जरा एक माप हवं होतं. मला खोटं बोलता येत नाही, ते आमच्या घरात एकाच माणसाला यायचं, असं मला वाटत होतं. आई पायरीवर बसली, मला शेजारी बसायची खूण केली आणि श्वास जमवत म्हणाली, "तुला काय वाटलं, मला कळलं नसेल? अरे, क्लचवर पाय माझा होता ना."

मी टॉवेल मांडीवर घेतला. पहिल्या सोमवारीच कळलं, असं तिनं सांगितलं. वळणावर क्लच चुकीचा सुटला, तिचं तिला समजलं, आणि तरी गाडी निघाली. गाडी शनिवार-रविवारात शहाणी होत नाही, आणि बाईही होत नाही. शिवाय वरच्या सपाट रस्त्यावर पूर्वी अंगावर यायची ती गाडी आता दूधवाल्यासारखी रमतगमत चालायची. काय केलंय ते तिला माहीत नव्हतं, पुढे कधीतरी भिंतीवर कांब बघितली आणि ताडलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस कधी? ती म्हणाली, "ते बोलले नाहीत म्हणून. हे बघ, तुझ्यासाठी केलं असं एकदा जरी म्हणाले असते ना, तर मी त्या गाडीत बसले नसते. मी तशीच होते तेव्हा. ह्यांना ते माहीत होतं." तिनं माझ्या मांडीवरच्या टॉवेलावर हात ठेवला. "मग ह्यांनी विचारलं, चढली का, तर मी काय म्हणणार? मी ऐंशी घोडे म्हणाले. ह्यांचा चेहरा असा काही झाला... म्हटलं, आता रोज हेच म्हणायचं. आभार मानायची माझ्याकडे दुसरी रीतच नव्हती, बाळा." ती थांबली, मग जरा ओशाळून हसली. "तू दुकानात माप म्हणून तोच आकडा देशील, हे मला काय ठाऊक? मी आपलं नेहमीचं म्हणत राहिले."

मला वाटत होतं की माझ्या बालपणातली एक खोली, जिच्यात मी रोज वावरत होतो, तिला मागच्या बाजूला आणखी एक खोली होती, आणि तिथे हे दोघं राहत होते. रोज संध्याकाळी आमच्या देखत, भांडी आदळत, वर्तमानपत्राआडून, ते एकमेकांचे आभार मानत होते आणि आम्ही अभ्यास करत होतो. मला त्यांचा हेवा वाटला नाही. बरं वाटलं. अशा घरात आपण वाढलो, काही न कळता वाढलो, याचं इतकं बरं वाटलं की मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगायचं ते ज्यांना, त्यांतले एक नव्हते आणि दुसरी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठत होती. तिनं टॉवेल सोडला, कांब स्वतःच्या हातानं खिळ्यांवर ठेवली आणि त्यावर फडकी टाकली, एकेक, सारखी करून. मूळची कांब घातली असती तर वळणावर गाडी पुन्हा दचकली असती, तिच्या आताच्या पायांखाली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बाबांनी केलेलं मी उलटवायला निघालो होतो, आणि तेही त्यांच्यासारखंच गुपचूप.

मी दुकानात परत गेलो. दुकानदारानं ओळखलं. इंजेक्टर परत करायचेत, म्हटलं, लहान हवेत, अगदी मापात, वर काही सोडू नका. त्यानं फडकं पसरलं आणि विचारलं, मग आता किती घोडे धरायचे? रोलरवर आलेला आकडा मी सांगितला. बोलताना आवाज आपोआप खाली आला, ऐकायला तिथे ओळखीचं कुणी नसताना. त्यानं पेन थांबवून, ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं की हे कोण म्हणतं. मोजलंय, मी म्हणालो, पण हे आपल्या दोघांतच ठेवा. तो पहिल्यांदा हसला आणि मग का कोण जाणे हसायचा थांबला. त्यानं एक जोडी निवडून दिली, मुलांच्या खेळण्यात शोभावी एवढीशी. चिमट्यानं व्हॅनची कॅमशाफ्ट परत बसवली, कंट्रोलरला नवी मापं शिकवली, आणि गाडीच्या मागे उकिडवा बसून नाक लावून वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आईला आणायला हरकत नाही.

थंडी अजून पडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी, सकाळची वर्दळ सुरू व्हायच्या आधी, मी टेकडीच्या पायथ्यापर्यंत गाडी नेली आणि तिथे आम्ही जागा बदलल्या. चष्मा नाकावर नीट बसवून, आसन पुढे ओढून ती बसली. खिडकी तिनं स्वतः खाली केली, हवा आत आली, तिनं ती सावध हुंगली आणि मग एक मोठा श्वास घेतला, जसा ती दुसऱ्यांना वर्षानुवर्षं घ्यायला सांगत होती. खोकला आला नाही. गाडी चढू लागली, रमतगमत. डाव्या हाताला भिंतींवर वेली, बंद दारं, एक कुत्रं. माझा हात हँडब्रेकजवळ होता, तो मी मांडीखाली घेतला. वळणापाशी समोरून रुग्णवाहिका उतरत होती, आम्हाला ऐन चढावर थांबावं लागलं. ती गेली. आईनं पहिला गिअर टाकला. तिच्या डाव्या पायाची टाच उचललेली मला दिसली, थरथरत होती, आणि क्लच सुटला तो चुकीचाच सुटला, झटक्यानं, मलाही कळलं. इंजिन जरा वाकलं, आवाज खोल गेला, आणि त्यानं आम्हाला उचललं. कुणीतरी खालून तळहात लावावा तसं. आई पुढेच बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि तोंडावर तेच हसू होतं, पदराआड न लपणारं.

वर हॉस्पिटलच्या फाटकापाशी, जिथे पूर्वी ती लावायची तिथेच, तिनं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. ते इतकं हळू चालत होतं की त्याच्या आवाजातून तिचा श्वास मला वेगळा ऐकू येत होता, जरा घाईचा, पण आपल्या वाटेनं चाललेला. ती हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली, काहीतरी राहिलंय आणि ते आपलं आपल्याला करता येत नाही, अशी. मला समजायला वेळ लागला. घसा खाकरून, समोरच्या काचेकडे बघत मी विचारलं, "चढली का?"

आईनं खांदे उडवले.

"ऐंशी घोडे आहेत," ती म्हणाली, "चढणार नाही तर काय?"